अण्णांच्या पायाचा दावा : लांजा ते रत्नागिरी, तीन वर्षं

१६ जानेवारीला दुपारी अण्णांच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. अपघात झाला १७ नोव्हेंबर २०२२ ला. मधल्या तीन वर्षं दोन महिन्यांत पोलीस ठाणं, दवाखाना, आरटीओ आणि रत्नागिरीचं जिल्हा न्यायालय इथं जे जे झालं, ते मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवत गेले. आता त्या वहीवरून हे लिहिते आहे. सुरुवातीला मला ‘क्लेम’ म्हणजे नेमकं काय करायचं हेसुद्धा माहीत नव्हतं, आणि विचारायला जवळ कुणी नव्हतं. माझ्यासारखं आणखी कुणी असेल, तर त्याला निदान पुढचं वळण कुठलं ते कळावं.

आमचं गाव लांजा तालुक्यात. अण्णा आंब्याच्या बागांमध्ये काम करायचे. स्वतःची कलमं मोजून अकरा, बाकी सगळं काम दुसऱ्यांच्या बागेत. पावसाळ्यानंतर बेणणी (वाढलेलं गवत काढणं), मग फवारणी, मार्चपासून काढणी. जुन्या उंच कलमांवर घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन शेंड्यापर्यंत जाणारी माणसं आता फार थोडी राहिली आहेत, त्यांतले ते एक. वय तेव्हा ५२.

त्या दिवशी ते सकाळी साडेसातला स्कूटरवरून पालीकडच्या एका बागेत फवारणीला निघाले होते. आंजणारी घाटाच्या अलीकडे तेव्हा महामार्गाचं काम चालू होतं, वाहतूक एकाच बाजूने वळवलेली होती. समोरून आलेल्या पिकअप गाडीने पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायला जागा नसताना बाहेर काढलं आणि अण्णांना उडवलं. डोक्याला हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, गुडघ्याच्या सांध्यालाही तडा गेला.

नाणीजच्या संस्थानाची मोफत रुग्णवाहिका तिथून जवळच उभी असायची. तिच्यातून त्यांना आधी रत्नागिरीला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्यावर संध्याकाळी साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. १९ तारखेला ऑपरेशन, पायात रॉड आणि प्लेट, २९ तारखेला घरी. बिल १,८६,००० रुपये. त्यातले दीड लाख आईने पतसंस्थेतून तेरा टक्क्यांनी उचलले.

त्या पहिल्या दहा दिवसांबद्दल सविस्तर लिहिते, कारण पुढची तीन वर्षं आम्ही त्या दहा दिवसांत जमलेल्या, आणि न जमलेल्या, कागदांवर काढली.

अपघाताच्या जागेजवळ पंक्चर काढणाऱ्या एका मुलाचं दुकान आहे. तो धावत आला, अण्णांना बाजूला घेतलं, आणि कुणीही न सांगता त्याने मोबाइलवर चार फोटो काढले. स्कूटर रस्त्याच्या डाव्या कडेला पडलेली, पिकअप आपली बाजू सोडून पलीकडे आलेली, तिच्या ब्रेकच्या काळ्या खुणा, आणि नंबरप्लेट. दहा मिनिटांत दोन्ही गाड्या बाजूला ढकलल्या गेल्या, कारण मागे रांग लागली होती. म्हणजे पोलीस आले तेव्हा गाड्या मूळ जागी नव्हत्याच. त्या मुलाने ते फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि मी त्याला फक्त इतकं म्हटलं, “फोटो पुसू नकोस रे, आणि फोनपण जपून ठेव.” हे मी का म्हटलं ते आजही सांगता येणार नाही. कायदा काही मला ठाऊक नव्हता.

फिर्यादीचं आमच्याकडून उशिरा झालं. अण्णा शुद्धीवर असून जबाब देण्याच्या अवस्थेत नव्हते, आणि आम्ही सगळे कोल्हापुरात. दरम्यान पिकअपच्या चालकाने ठाण्यात जाऊन ‘स्कूटर अचानक समोर आली’ असं सांगून ठेवलेलं. कोल्हापूरच्या रुग्णालयातून पोलिसांना वर्दी गेली, ती तिकडच्या चौकीतून आमच्या हद्दीच्या ठाण्यापर्यंत यायला आठवडा लागला. शेवटी माझे काका २५ तारखेला ठाण्यात बसून राहिले, फोटो दाखवले, आणि त्या दिवशी चालकाविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. तेव्हा भारतीय दंड संहिता होती, त्यामुळे कलमं २७९ आणि ३३८ लागली. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, म्हणजे २८१ आणि १२५. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती त्याच वेळी मागून घ्या. रुग्णालयात दाखल करताना ‘रस्ता अपघात’ असं सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद करायला लावा. ‘घरी पडले’ असं कुणी घाईत लिहून दिलं, तर ते खोडायला पुढे वर्षं जातात.

आमच्या स्कूटरचा विमा ऑगस्टमध्येच संपला होता. मला वाटलं, संपलं आता सगळं. तसं नसतं. त्याचा दोन हजारांचा दंड वेगळा भरला, पण भरपाई मागायची असते ती ज्या गाडीने धडक दिली तिच्या विम्यातून. तो विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का हे गाडीच्या नंबरवरून परिवहनच्या अॅपवर पाहता येतं. मी ते पाहिलं, स्क्रीनशॉट काढला. चालू होता.

कोल्हापुरातच, वॉर्डच्या बाहेर, एक गृहस्थ भेटायला आले. बोलणं गोड. “ताई, काही करू नका, सगळं आम्ही बघतो. मिळतील त्यातले तीस टक्के.” एक छापील कागदही पुढे केला. आईने सही केली असती. मी नको म्हटलं, कारण कागदावर अण्णांचं नाव आधीच टाइप केलेलं होतं आणि ते त्यांना कुठून कळलं याचं उत्तर ते देईनात. वकिलांना भरपाईतला टक्का ठरवून फी घेण्याची परवानगीच नाही, हे मला पुढे समजलं.

डिसेंबरात पिकअपचा चालक घरी आला. वय असेल पंचवीस. पायरीवर बसून रडला. दहा हजार रुपये आणले होते, आणि सोबत शंभराच्या स्टॅम्पपेपरवर एक मजकूर: ‘आमची आपसांत तडजोड झाली असून यापुढे काही मागणे नाही.’ अण्णा आत खाटेवर होते. त्यांनी मला हाक मारली.

“बाय, त्या पोराचं वाटोळं करून आपल्याला काय मिळणार गो? दे सही करून.”

त्या दिवशी मी सही थांबवली, पण का थांबवली ते अण्णांना पटवून सांगायला मला महिना लागला. ते वकीलबाईंनी सांगितलं. रस्त्यावर गाडी आणायची तर तिसऱ्या माणसाला होणाऱ्या इजेचा विमा काढणं कायद्याने सक्तीचं आहे. मालकाने त्याचे पैसे विमा कंपनीत भरलेले असतात, ते नेमके अशाच दिवसासाठी. दावा लावला म्हणून त्या मुलाचं घर विकावं लागत नाही, फक्त विमा चालू हवा आणि परवाना योग्य हवा. फौजदारी खटला वेगळा, तो सरकार चालवतं. भरपाईचा दावा वेगळा, तो आपण लावायचा. फौजदारी खटला चालू आहे म्हणून पैसे आपोआप येतात असा आमच्या गावात सरसकट समज आहे, आणि त्या समजात कित्येकांची मुदत निघून गेली आहे.

वकील शोधताना मी तिघांना भेटले. रत्नागिरीतल्या ज्या बाईंकडे शेवटी गेलो, त्यांनी पहिल्या भेटीत फी सांगितली: ३५,००० रुपये, तीन हप्त्यांत, आणि झेरॉक्स, टंकलेखन, नोटरी वगैरे वेगळं. मला ते स्पष्ट बोलणं आवडलं. नंतर कळलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अपंग व्यक्तींना तर उत्पन्नाची अट न लावता. तिथे अर्ज करायला वकील लागत नाही. हे मला डिसेंबर २०२२ मध्ये कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो तारखेचा. मोटार वाहन कायद्यात १ एप्रिल २०२२ पासून बदल झाला आहे आणि अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. आमचे सहा महिने १७ मे २०२३ ला संपत होते, आणि मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी. या सहा महिन्यांच्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की तूर्तास केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नयेत. पण अंतिम निकाल येईल तेव्हा येईल. तुम्ही सहा महिनेच धरून चाला.

कागद गोळा करायला जानेवारी ते एप्रिल गेले. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही गाड्यांची आरटीओ तपासणी, चालकाचा परवाना, पिकअपचं आरसी बुक आणि विमा पॉलिसी, जखमेचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनीच अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला (म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला) द्यायचा असतो, आणि पहिल्या अहवालाची प्रत जखमी माणसालाही मिळते. आमच्या वेळी हे नियम नवे होते. मी ठाण्यात तोंडी विचारलं तेव्हा ‘उद्या या’ झालं, चार वेळा. पाचव्या वेळी बाईंनी अर्ज लिहून दिला, मी तो दोन प्रतींत नेला आणि एका प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला. नऊ दिवसांत कागद मिळाले. तेव्हापासून मी कुठल्याही कार्यालयात तोंडी काही मागितलं नाही.

बिलांबाबत एक गोष्ट नक्की करा. औषधांच्या दुकानातली चकचकीत कागदावरची बिलं मिळाल्या दिवशीच झेरॉक्स करून घ्या. त्यावरची शाई उडून जाते. आमची मार्चपर्यंत निम्मी कोरी झाली होती, आणि जी उरली त्यांना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरली. १६,४०० रुपयांची बिलं मी शेवटपर्यंत सिद्ध करू शकले नाही. आता सगळे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून पत्र्याच्या ट्रंकेत आहेत.

३ मे २०२३ ला दावा दाखल झाला. अर्जदार अण्णा; सामनेवाले तीन: चालक, मालक, विमा कंपनी. चूक कुणाची हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम मागण्याचंही एक कलम आहे, १६४. त्यात मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. बाईंनी कलम १६६ खाली दावा केला, ज्यात चूक सिद्ध करावी लागते पण भरपाई खऱ्या नुकसानीवर ठरते. गाडी पळून गेली आणि नंबरच कळला नाही, तर प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायची वेगळी योजना आहे. तिथे मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार. दावा जिथे अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे लावता येतो. हे महत्त्वाचं आहे, कारण महामार्गावर धडकणारी गाडी कुठल्याही राज्यातली असू शकते.

त्या मे महिन्यात अण्णा वॉकर घेऊन ओटीवर बसायचे आणि समोरच्या अकरा कलमांवरचा आंबा दुसरी माणसं काढत होती. ते काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “देठ ठेवत नाहीत.” देठ तुटला की चीक फळावर उतरतो आणि डाग पडतो. पुढच्या सगळ्या दाव्यात ‘व्यवसाय : शेतमजूर’ एवढंच लिहिलेलं होतं.

मग तारखा. एकूण सत्तावीस. नोटिसा बजावण्यात पाच महिने, कारण पिकअपच्या मालकाने पत्ता बदलला होता. विमा कंपनीचं म्हणणं डिसेंबर २०२३ मध्ये आलं. त्यात तीन हरकती: अपघातात अण्णांचीही चूक होती, चालकाकडे मालवाहू गाडीचा परवाना नव्हता (हलक्या वाहनाचा साधा परवाना होता), आणि उत्पन्नाचा काहीही पुरावा नाही. ते कागद वाचून मी दोन रात्री झोपले नाही. बाई म्हणाल्या, हे प्रत्येक दाव्यात लिहितात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मात्र ते आपल्या माणसाला खोटं ठरवल्यासारखं लागतं.

तारखेला काय होतं ते सांगते. सकाळी लांज्याहून एसटी (मार्च २०२३ पासून मला अर्धं तिकीट), साडेदहाला कोर्टात, बोर्डावर आपला क्रमांक बघायचा, पुकाऱ्याची वाट बघायची. कधी पाच मिनिटांत पुढची तारीख, कधी चार वाजेपर्यंत बसून पुढची तारीख. प्रत्येक तारखेला अर्जदाराने जाण्याची गरज नसते. हे मला सहाव्या तारखेला कळलं. ई-कोर्ट्सच्या अॅपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की दाव्याची पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. तो क्रमांक पहिल्याच दिवशी वकिलांकडून लिहून घ्या.

२२ ऑगस्ट २०२४ ला अण्णांचा उलटतपास होता. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. विमा कंपनीचे वकील शांतपणे विचारत होते.

“आज इथे कसे आलात?”

“एसटीने.”

“कोर्टाच्या पायऱ्या चढून आलात?”

“होय. मुलीचा हात धरून.”

“म्हणजे तुम्हाला चढता येतं.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, पायरी हलत नाही. फांदी हलते.”

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. टंकलेखकाला जे सांगितलं गेलं ते असं: ‘मला आधाराने पायऱ्या चढता येतात. मला झाडावर चढता येत नाही.’ मी मागच्या बाकावर बसून ते ऐकलं आणि वहीत दोन्ही वाक्यं लिहून घेतली.

सप्टेंबर २०२४ च्या लोकअदालतीत कंपनीने साडेचार लाख देऊ केले. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्याने भांडण झालं. पतसंस्थेचं व्याज चालू होतं. अण्णांना वाटत होतं, घ्यावं आणि मोकळं व्हावं. गावात एक-दोघांनी ‘पाय मोडला तो लॉटरीच लागली’ असं म्हटलेलं त्यांच्या कानावर आलं होतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं. लोकअदालतीबद्दल मी वाईट सांगणार नाही. तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, त्यामुळे पैसे लवकर हातात येतात, आणि ज्यांना लगेच गरज आहे किंवा ज्यांचा पुरावा कच्चा आहे त्यांच्यासाठी तो खरोखर चांगला रस्ता आहे. पण त्यावर आपल्यालाही अपील करता येत नाही. बाईंनी कागदावर हिशेब मांडून दाखवला आणि म्हणाल्या, “निर्णय तुमचा.” अण्णांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “इतके दिवस बसलो, अजून बसू.”

डिसेंबर २०२४ मध्ये पंक्चरवाल्या मुलाची साक्ष झाली. फोनमधले फोटो नुसते छापून देता येत नाहीत. ज्याच्या फोनने ते काढले, त्याचं त्या फोनबद्दलचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या वेळी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ६३ आहे. फोन फुटलेल्या काचेचा, पण चालू, त्याने दोन वर्षं खणात ठेवलेला. एका दिवसाचं दुकान बंद ठेवून तो आला. पिकअप आपली बाजू सोडून आलेली फोटोत स्पष्ट दिसत होती, आणि पंचनाम्यातलं ब्रेकच्या खुणांचं अंतर त्याच्याशी जुळत होतं. अण्णांची चूक असल्याची हरकत तिथेच ढिली पडली.

परवान्याची हरकत दुसऱ्याच वाटेने सुटली. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ठरवलं की साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं. पिकअप त्या वजनाच्या बरीच आत होती. बाईंनी निकालाची प्रत जोडली. मला त्या मुलाची आठवण झाली, आमच्या पायरीवर बसून रडलेल्या. ही हरकत टिकली असती, तर कंपनीने आम्हाला पैसे देऊन ते त्याच्या मालकाकडून वसूल केले असते.

सगळ्यात अवघड राहिलं ते उत्पन्न आणि अपंगत्व. मजुरी रोख मिळते, तिची पावती कोण देतो? ज्यांच्या बागेत अण्णा पंधरा वर्षं जायचे, त्या बागायतदारांकडे मी तीनदा गेले. “मला कोर्टात कशाला ओढतेस बाय?” असं म्हणत होते. चौथ्यांदा त्यांनीच बोलावलं आणि हजेरीच्या जुन्या वह्या काढून दिल्या. काढणीच्या दिवसाचे सातशे, बाकी कामाचे पाचशे, प्रत्येक दिवसापुढे अण्णांची सही. ते साक्षीला आलेसुद्धा. तुमच्या घरात कुणी रोखीवर काम करत असेल, तर आजच एका वहीत दिवस आणि मजुरी लिहायला लागा, आणि थोडी रक्कम बँकेतून फिरू दे.

अपंगत्वाचा दाखला शासकीय रुग्णालयाच्या मंडळाने दिला: उजव्या पायाचं कायमचं २८ टक्के. मला वाटलं होतं, आता भरपाईही २८ टक्क्यांनीच मिळणार. इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल उपयोगी पडला. शरीराचं अपंगत्व किती आणि त्यामुळे त्या माणसाच्या कमाईची ताकद किती गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं तो सांगतो. बैठं काम करणाऱ्याचा गुडघा आणि झाडावर चढणाऱ्याचा गुडघा यांची किंमत एक नसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोल्हापूरच्या डॉक्टरांची साक्ष झाली. गुडघा नव्वद अंशांपुढे वाकत नाही, उकिडवं बसता येणार नाही, चढण्याचं आणि ओझ्याचं काम करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या येण्याजाण्याचा आणि दिवसाचा खर्च आम्ही दिला, ६,००० रुपये. डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर दाखला नुसता कागद राहू शकतो, म्हणून हा खर्च वाचवू नका.

११ ऑगस्ट २०२५ ला निकाल लागला. चूक संपूर्ण पिकअपची. हिशेब असा: उत्पन्न महिना १२,००० धरलं (आम्ही १५,००० मागितलं होतं). पन्नास ते साठ वयाच्या स्वतंत्र काम करणाऱ्यासाठी पुढच्या वाढीचे दहा टक्के मिळवून १३,२००. वर्षाचे १,५८,४००. वय ५२ म्हणून गुणक ११, म्हणजे १७,४२,४००. त्यातली कमाईची हानी निम्मी धरली: ८,७१,२००. औषधोपचाराचे २,१४,६००, सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचे ७२,०००, वेदनांचे ५०,०००, आणि प्रवास, आहार, सोबतीचं माणूस मिळून ४०,०००. एकूण १२,४७,८००, दावा दाखल केल्यापासून सात टक्के व्याज.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण दिले, म्हणजे तुम्हाला तुमचा हिशेब करून बघता येईल. गुणक वयाप्रमाणे बदलतो: पंचविशीपर्यंत १८, चाळिशीपर्यंत १५, पन्नाशीपर्यंत १३, पंचावन्नपर्यंत ११, साठीपर्यंत ९. निम्मी हानी मला अजून कमी वाटते. जे काम अण्णांना येतं ते पूर्णच गेलं आहे. पण ते बसून आंबा निवडू शकतात, पेट्या भरून घेऊ शकतात, असं निकालपत्रात म्हटलं आहे, आणि ते खोटं नाही. अपील करावं का यावर आम्ही आठवडाभर बोललो. अण्णा नको म्हणाले.

निकालानंतर लगेच पैसे येत नाहीत. अपिलाची मुदत ९० दिवसांची. कंपनीने अपील केलं नाही आणि नोव्हेंबरात व्याजासह रक्कम कोर्टात जमा केली. मग आधार, पॅन, पासबुकाची साक्षांकित प्रत, पैसे काढण्याचा अर्ज, नाझर विभागाची (कोर्टाच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या) पडताळणी. पॅनवर अण्णांचं नाव एका अक्षराने वेगळं होतं, त्यात तीन आठवडे गेले. आपल्या सगळ्या कागदांवरचं नाव आजच तपासून घ्या. सहा लाख तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवायचा आदेश आहे, बाकीचे खात्यात आले. पतसंस्थेचं कर्ज १९ जानेवारीला फेडलं. वकिलांची फी, साक्षी, प्रती आणि एसटी धरून आमचा सगळा खर्च ५८,००० च्या आसपास गेला.

रॉड अजून पायात आहे. पावसाळ्यात दुखतो. या हंगामात अण्णा त्याच बागायतदारांकडे निवडीला जाणार आहेत, दिवसाचे चारशे. फळ हातात घेऊन देठाकडे बघतात आणि कोणी काढलंय ते ओळखतात.

काल मी पंक्चरच्या दुकानात गेले, पेढे घेऊन. त्या मुलाने हात पुसले, खण उघडला, आणि तो फुटक्या काचेचा फोन बाहेर काढून माझ्यासमोर धरला. चार्ज केलेला होता.

“ताई,” तो म्हणाला, “आता हा विकला तर चालेल ना?”